माणशी 229 रुपये : गुडीहत्नूरच्या सुरक्षेचा हिशेब

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून तेलंगणातल्या ग्रामपंचायतीला स्वतःच्या निर्णयाने खर्च करता आलेली रक्कम वर्षाला माणशी सुमारे 229 रुपये होती. गल्लीतले दिवे, मोरीचे कठडे, शाळेसमोरचे कुंपण, वळणावरचा फलक, चौकातला कॅमेरा ही सगळी कामे याच रकमेतून करायची. आदिलाबाद जिल्ह्यातले गुडीहत्नूर राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे आणि उटनूरचा रस्ता इथूनच फुटतो. अशा गावाला सुरक्षेसाठी किती पैसे मिळू शकतात आणि कोणाकडून, याचा हिशेब या आकड्यापासून सुरू करावा लागतो.

हा आकडा असा निघतो. 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी आयोगाने देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये ठरवून दिले. त्यात तेलंगणाचा वाटा 7,201 कोटींचा, म्हणजे 3.04 टक्के, वर्षाला सरासरी 1,440 कोटी. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 2.14 कोटी. भागाकार केला की माणशी 673 रुपये येतात. ही रक्कम तीन स्तरांत वाटली जात होती. ग्रामपंचायतीला 70 ते 85 टक्के देण्याची मुभा होती. 85 टक्के धरले तर 572 रुपये उरतात. त्यातले 60 टक्के बंधित होते: निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे 229 रुपये. पगार आणि आस्थापना वगळून तो पैसा गावाला हवा तसा वापरता येत होता.

तेलंगणाच्या 2018 च्या पंचायत राज कायद्याने 500 हून अधिक वस्तीचे तांडे आणि गुडे, म्हणजे आदिवासी पाडे, स्वतंत्र ग्रामपंचायती झाले. 4,383 नव्या पंचायतींसह राज्यातली एकूण संख्या 12,751 वर गेली. त्यामुळे पंचायतीची सरासरी लोकसंख्या 1,678 झाली आणि सरासरी अबंधित रक्कम वर्षाला 3.84 लाख. पाचशे वस्तीच्या गुड्याला मिळत होते 1.15 लाख. गोंड, कोलाम आणि लंबाडा वस्त्यांना आपला सरपंच मिळाला, ही मोठी गोष्ट होती. पण पैसा डोक्यांवर वाटला जातो, त्यामुळे पंचायत जितकी लहान, तितके एकेक काम तिच्या आवाक्याबाहेर जाते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात 62,500 किलोमीटर रस्त्यांसाठी 70,125 कोटी ठेवले आहेत. म्हणजे किलोमीटरला 1.12 कोटी. सरासरी पंचायतीने सगळा अबंधित पैसा फक्त रस्त्याला लावला, तरी एक किलोमीटरसाठी 29 वर्षे लागतील. पाचशे वस्तीच्या गुड्याला 98 वर्षे.

राज्याचा पैसा यात धरलेला नाही आणि तो लहान नव्हता. सप्टेंबर 2019 मध्ये पल्ले प्रगती ही राज्याची योजना सुरू झाली तेव्हा पंचायतींना दरमहा 339 कोटी देण्याचे ठरले. वित्त आयोगाचा हिस्सा धरून वर्षाला ही रक्कम 4,068 कोटी होते, माणशी 1,900 रुपये. मात्र त्या पैशांच्या मागे कामांची यादीही आली: ट्रॅक्टर, ट्रॉली, टँकर, रोपवाटिका, वनराई, स्मशानभूमी, कचऱ्याचे शेड. शिवाय पंचायतीच्या अर्थसंकल्पातले 10 टक्के हरित निधीला द्यावेत, असे 2018 चा कायदाच सांगतो. ट्रॅक्टरचा हप्ता, सफाई कामगारांचे वेतन आणि विजेचे बिल भागल्यावर सुरक्षेच्या कामाला बहुतेक पंचायतींकडे तोच 40 टक्क्यांचा भाग राहत होता.

त्या भागाचीही दोन वर्षे अडली. तेलंगणातल्या सरपंचांची मुदत फेब्रुवारी 2024 च्या आरंभी संपली आणि पंचायती विशेष अधिकाऱ्यांकडे गेल्या. निवडणुका झाल्या डिसेंबर 2025 मध्ये, तीन टप्प्यांत, 11, 14 आणि 17 तारखेला. मधले अंतर 22 महिन्यांचे. रीतसर निवडून आलेली पंचायत नसेल तर अनुदान नाही, ही वित्त आयोगाची पहिली अट आहे. देशभरासाठी 2024-25 चे 49,800 कोटी आणि 2025-26 चे 48,573 कोटी, मिळून 98,373 कोटी. त्यात तेलंगणाचा 3.04 टक्के वाटा 2,990 कोटींचा होतो. वरच्याच रीतीने सरासरी पंचायतीसाठी मोजले तर हा दोन वर्षांचा अबंधित हिस्सा आठ लाखांच्या जवळपास जातो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटू नये. तिथे जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत 2022 मध्ये संपत गेली आणि 10-10 टक्क्यांचे त्यांचे हिस्से याच अटीपायी रखडले. निवडणूक लांबवल्याची किंमत सहसा लोकशाहीच्या भाषेत सांगितली जाते. ती रुपयांतही सांगता येते, आणि सांगितली पाहिजे.

केंद्राची वार्षिक रक्कमही सरळ चढत गेलेली नाही. 2020-21 च्या स्वतंत्र अंतरिम वर्षात ग्रामीण संस्थांना 60,750 कोटी होते. पुढच्याच वर्षी 44,901 कोटी झाले, म्हणजे 26 टक्क्यांनी कमी. नंतर 46,513, 47,018, 49,800 आणि शेवटच्या वर्षी पुन्हा 2.5 टक्क्यांनी खाली, 48,573. पाच वर्षांच्या अखेरीसही 2020-21 चा आकडा गाठला गेला नाही. पहिल्या वर्षाच्या बळावर ज्या पंचायतींनी मोठी कामे हाती घेतली, त्यांना दुसऱ्या वर्षी चौथा हिस्सा कमी घेऊन ती पुरी करावी लागली.

आता महामार्ग. गुडीहत्नूर आणि महामार्गावरच्याच सीतागोंदीसारख्या गावांच्या सुरक्षेचा सर्वांत मोठा प्रश्न तिथे आहे आणि पंचायतीचा अधिकार तिथे शून्य. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा हा रस्ता केंद्राचा. त्याच्या हद्दीत पंचायतीला स्वतःच्या पैशांनीही गतिरोधक घालता येत नाही, की दुभाजकाला हात लावता येत नाही. तिथल्या कामासाठी मागणीच करावी लागते, आणि मागणी कोणत्या कसोटीवर तपासली जाते ते एका व्याख्येत लिहिलेले आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर लांबीत गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले असतील, किंवा 10 माणसे गेली असतील, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. तेवढे ठरले की दुरुस्तीच्या यादीत नाव येते.

ही कसोटी किती उंच आहे? 2022 मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवर, द्रुतगती मार्ग धरून, 1,51,997 अपघात झाले आणि 61,038 माणसे मेली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी सुमारे 1.45 लाख किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरला वर्षाला 0.42 मृत्यू. 500 मीटरला तीन वर्षांत 0.63. दहा मृत्यूंची अट या सरासरीच्या 16 पट आहे. पाच अपघातांची वाट थोडी सोपी आहे. सर्व प्रकारचे अपघात धरले तर 500 मीटरला तीन वर्षांत 1.6 येतात, म्हणजे ती अट सरासरीच्या तिपटीहून थोडी जास्त. जिथे तीन वर्षांत चार गंभीर अपघात झाले ते गाव सरासरीच्या अडीच पट धोक्यात असते, तरी यादीबाहेर राहते. पाचवा अपघात होईपर्यंत त्याला थांबावे लागते.

मर्यादा आखावीच लागते, कारण यादीत आलेल्या जागाही उरकत नाहीत. केंद्रीय मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार राष्ट्रीय महामार्गांवर अशा 13,795 जागा नक्की केल्या गेल्या. कायमस्वरूपी दुरुस्ती पूर्ण झाली 5,036 जागी, म्हणजे 36.5 टक्के. बाकीच्या काही ठिकाणी पट्टे, फलक, चकाकणारे खिळे अशी तात्पुरती कामे झाली. उड्डाणपूल, भुयारी रस्ता किंवा सेवारस्ता हवा असेल, तर यादीत असलेल्या दर तीन गावांपैकी दोन अजून रांगेत आहेत. यादीबाहेरच्या गावाची पाळी त्यानंतर.

एकूण आकडे चढते आहेत. देशात 2021 मध्ये 4,12,432 अपघात आणि 1,53,972 मृत्यू होते. 2022 मध्ये 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू झाले, अनुक्रमे 11.9 आणि 9.4 टक्के वाढ. 2023 मध्ये मृत्यू 1,72,890 वर गेले, आणखी 2.6 टक्के. तेलंगणात 2022 मध्ये 21,619 अपघातांत 7,559 माणसे गेली, 2023 मध्ये 22,903 अपघातांत 7,660. अपघात 5.9 टक्क्यांनी वाढले आणि मृत्यू 1.3 टक्क्यांनी. दर शंभर अपघातांमागे राज्यात 2022 मध्ये 35 जण मेले होते, 2023 मध्ये 33. अपघात वाढत असताना मारकता थोडी उतरली, ही या आकड्यांमधली एकच बरी खूण. देशातले सुमारे 68 टक्के रस्तेमृत्यू ग्रामीण भागात होतात. आणि सुमारे पाचवा हिस्सा अपघात संध्याकाळी 6 ते 9 या तीन तासांत, म्हणजे दिवसाच्या आठव्या भागात घडतात. गावाबाहेरच्या फाट्यावर दिवा मागणाऱ्या अर्जात हा आकडा असायला हवा. बहुतेक अर्जांत तो नसतो.

गुडीहत्नूरच्या फाट्याची आणखी एक अडचण आहे. अपघातप्रवण जागेची ही मोजणी राष्ट्रीय महामार्गापुरती आहे. फाट्यापासून थोडे आत, उटनूरच्या रस्त्यावर झालेला अपघात तिच्यात बसत नाही, मग धोका तिठ्यामुळेच निर्माण झालेला असला तरी. पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला जाणाऱ्यांचा एक ओघ, त्यात महाराष्ट्रातले गोंडांच्या मेसराम कुळातले लोक आणि भाविकही, महामार्ग सोडून याच वाटेने मुतनूरकडे वळतो. त्या काही दिवसांत तिठ्यावर वाहने, बैलगाड्या आणि पायी माणसे एकत्र येतात. एका वर्षातल्या काही दिवसांचा हा भार तीन वर्षांच्या सरासरीत दिसत नाही. तो दाखवायचा तर जत्रेच्या दिवसांतली वाहनांची वेगळी मोजणी अर्जाला जोडावी लागते.

मोजणीतून अपघात गळतात त्याची कारणे साधी आहेत. दोन्ही बाजूंनी जागेवरच मिटवले तर एफआयआर होत नाही. एफआयआर झाली तरी ठिकाण म्हणून गावाचे नाव लिहिले जाते, किलोमीटरचा दगड लिहिला जात नाही. मग एकाच तिठ्यावरचे दोन अपघात दोन गावांच्या शिवारात नोंदले जातात आणि 500 मीटरची बेरीज जुळत नाही. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या अपघात नोंदणी प्रणालीत पोलीस आता मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपतात. त्यामुळे नव्या अपघातांची जागा ठरवणे सोपे झाले आहे. जखमी माणूस आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा महाराष्ट्रातल्या दवाखान्यात नेल्यानंतर गेला, तर तो मृत्यू गुडीहत्नूरच्या नोंदीला परत जोडला गेला की नाही, हे मात्र कोणीतरी जाऊन पाहावे लागते.

मोजून काम केले तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. 94.5 किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले, किलोमीटरला 1.6, म्हणजे देशाच्या महामार्ग सरासरीच्या जवळपास चौपट. त्या वर्षी प्रत्येक अपघाताची जागा आणि कारण नोंदून रस्त्यातले दोष एकेक करून दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले. 2017 मध्ये मृत्यू 105 झाले, 30 टक्क्यांनी कमी. त्या रस्त्यामागे मुंबई, पुणे, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशनसारखी संस्था होती. गुडीहत्नूरच्या मागे मंडल कचेरी आणि पोलीस ठाणे आहे. नोंदीची रीत मात्र दोन्हीकडे तीच चालते.

खासदार निधीकडे बहुतेक अर्ज आधी जातात, म्हणून त्याचा आकार पाहावा. वर्षाला 5 कोटी. 1994-95 मध्ये 1 कोटी होते, 1998-99 पासून 2 कोटी, 2011-12 पासून 5 कोटी. तेव्हापासून बदल नाही, आणि 2012 ला 100 धरणारा ग्राहक किंमत निर्देशांक 2025 मध्ये 190 च्या वर होता. म्हणजे त्या 5 कोटींत आज तेव्हाच्या जेमतेम निम्मे काम होते. मधे कोविडमुळे एप्रिल 2020 ते नोव्हेंबर 2021 निधी बंदच होता. आदिलाबाद लोकसभा मतदारसंघात सात विधानसभा क्षेत्रे आहेत, सुमारे साडेसोळा लाख मतदार. समान वाटले तर प्रत्येक विधानसभेला 71 लाख, मतदारामागे 30 रुपये. आमदारांचा मतदारसंघ विकास निधी तेलंगणात 2021-22 पासून 5 कोटी ठरला. गुडीहत्नूर ज्या बोथ क्षेत्रात येते, तिथले मतदार सुमारे 2 लाख. मतदारामागे 250 रुपये. त्याच 5 कोटींचे वजन आमदाराकडे आठ पट पडते. अर्ज मात्र लोकसभेच्या पत्त्यावर आधी पोचतात.

खासदार निधीतला किमान 15 टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि 7.5 टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी असावा, असा नियम आहे. 5 कोटींवर हे 75 लाख आणि 37.5 लाख होतात. आदिलाबाद जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 31 टक्क्यांच्या वर आहे आणि मतदारसंघही त्यांच्यासाठीच राखीव आहे. 7.5 टक्के ही तळाची रेघ देशाच्या सरासरीवर आखली आहे. इथल्या लोकसंख्येशी तिचा मेळ नाही.

विशेष योजनांच्या याद्यांत आदिलाबादचे स्थान विचित्र आहे. जुलै 2021 मध्ये गृह मंत्रालयाने नक्षलप्रभावित म्हणून ठरवलेल्या 70 जिल्ह्यांत तेलंगणाचे सहा होते, त्यात आदिलाबाद. एप्रिल 2024 मध्ये यादी 38 वर आली, तेलंगणाचे दोन उरले: भद्राद्री-कोत्तागुडेम आणि मुलुगु. हिंसा कमी झाली म्हणून नाव गेले, आणि ते योग्यच. पण नाव गेल्याबरोबर सुरक्षाविषयक खर्चाच्या परताव्याचा तो दरवाजा बंद झाला आणि रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी त्याच्या जागी दुसरा उघडला नाही. आकांक्षित जिल्ह्यांत शेजारचा कोमराम भीम आसिफाबाद आहे, आदिलाबाद नाही. आकांक्षित तालुक्यांच्या 500 च्या यादीत जिल्ह्यातला नार्नूर आहे, गुडीहत्नूर नाही. 2016 मध्ये जुना जिल्हा चार भागांत विभागला तेव्हा सिंगरेणीच्या कोळसा खाणी मंचेरियाल आणि आसिफाबादकडे गेल्या आणि खाणींच्या स्वामित्वधनातून येणारा जिल्हा खनिज निधी त्यांच्यामागे गेला. नव्या आदिलाबादकडे 7,08,972 लोकसंख्या राहिली, कोळसा राहिला नाही. थोडे पलीकडे, सीमेवरच्या जिवतीच्या डोंगरात, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली म्हणतात अशी 14 गावे आहेत. तिथे दोन्ही राज्यांच्या योजना पोचतात. यादीच्या कोणत्या बाजूला गाव पडते, यावर त्याचा निधी ठरतो, याचे याहून उघड उदाहरण या भागात नाही.

आगीचा विषय आणखी वेगळा आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या 18 विषयांत, अग्निशमन सातव्या क्रमांकावर आहे आणि रस्त्यावरचे दिवेही नाव घेऊन लिहिले आहेत. अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या 29 विषयांत, अग्निशमन नाही. कापसाच्या गंजी आणि सोयाबीनचे ढीग मात्र पंचायतींच्या हद्दीत लागतात. ग्रामीण भागात बंब 20 मिनिटांत पोचावा, असा निकष आहे. ताशी 40 किलोमीटरने 20 मिनिटांत 13 किलोमीटर होतात. आदिलाबाद शहर गुडीहत्नूरपासून सुमारे 20 किलोमीटर आहे, त्या वेगाने अर्धा तास. राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी केंद्राने जुलै 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली. राज्याने 25 टक्के घालायचे. 2011 च्या लोकसंख्येवर हे माणशी 41 रुपये, आणि एकदाच. या योजनेत प्रस्ताव राज्याने द्यायचा असतो. पंचायतीचा ठराव थेट तिथे जात नाही, जिल्हा अग्निशमन अधिकाऱ्यामार्फत राज्याच्या प्रस्तावात शिरला तरच मोजला जातो.

पोलिसांच्या पैशांचे स्वरूपही असेच. 2021-26 साठी पोलीस आधुनिकीकरणाची छत्री योजना 26,275 कोटींची होती, पण राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणाला त्यातले 4,846 कोटी, 18 टक्के. गावातला कॅमेरा या पैशांतून क्वचितच येतो. तेलंगणात 2021 च्या आरंभी पोलिसांच्या वापरातले कॅमेरे 2,82,558 होते, देशातल्या एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक, आणि त्यांचा मोठा भाग लोकवर्गणी आणि व्यापाऱ्यांच्या पैशांतून बसला. 2013 चा सार्वजनिक सुरक्षा कायदा शंभर माणसे जमतात अशा आस्थापनांना कॅमेरे लावायला आणि चित्रण 30 दिवस ठेवायला बांधतो. बाजारपेठेच्या गावाला त्याचा उपयोग होतो. जिथे एक किराणा दुकान आहे, त्या गुड्यात कायदा लागू होण्याइतकी माणसे जमतच नाहीत आणि वर्गणी काढायला पैसे नसतात.

माणूस गेल्यानंतर सरकार काय देते, ते मात्र नियमाने ठरलेले आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाने मृत्यू झाला तर 1 एप्रिल 2022 पासून 2 लाख, आधी 25 हजार होते. गंभीर जखमीला 50 हजार. मे 2025 पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार. पुरात मृत्यू झाला तर आपत्ती निधीतून 4 लाख. हे पैसे मिळायलाच हवेत आणि मिळवताना कुटुंबांची दमछाक होते. पण शेजारी ठेवून पाहावे: पंधराव्या आयोगाच्या काळात सरासरी पंचायतीचा वर्षाचा अबंधित निधी 3.84 लाख, पुरातल्या एका मृत्यूची मदत 4 लाख. नाल्यावरच्या मोरीला कठडा नसल्याने एक माणूस वाहून गेला तर त्याच्या घरच्यांना जे मिळते, ते त्या पंचायतीला सगळे कठडे, सगळे दिवे आणि सगळे फलक यांसाठी वर्षभरात मिळत नव्हते. भरपाईला पात्रता पुरते. प्रतिबंधासाठी ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निधीची उपलब्धता, एवढे सगळे लागते. पंधराव्या आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीसाठी 1,60,153 कोटी ठरवताना पहिल्यांदाच 20 टक्के, म्हणजे 32,031 कोटी, धोका आधीच कमी करण्याच्या कामांसाठी वेगळे काढले. वाहून जाणाऱ्या मोऱ्या आणि नाल्यांचे काठ त्यात मागता येतात. माझ्या मते या सगळ्या दारांपैकी गावांनी सर्वांत कमी ठोठावलेले दार हेच आहे.

सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणी या जनसुनावणीला दिलेल्या अर्जाचे पुढे काय होते, ते अर्जात काय आहे यावर अवलंबून असते. ‘महामार्गावर फार अपघात होतात, उपाय करावा’ एवढेच लिहिलेला अर्ज पोचपावती घेऊन थांबतो, कारण तो कोणत्या खात्याकडे पाठवायचा हे त्यात नसते. किलोमीटरचा दगड, तीन वर्षांतल्या एफआयआर क्रमांकांची यादी, त्यातले मृत्यू आणि गंभीर जखमी, संध्याकाळी 6 ते 9 चे अपघात किती, ग्रामसभेचा ठराव, आणि हद्द महामार्गाची की पंचायत राज खात्याची, एवढे असले तर तो अर्ज कचेरीला एका ठरावीक टेबलावर न्यावाच लागतो. मोटार वाहन कायद्याचे 2019 मध्ये आलेले 198अ कलमही इथे कामाचे आहे. रस्त्याच्या रचनेतला दोष किंवा देखभालीतली हयगय यामुळे मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोष आधी लेखी कळवलेला असेल तर माहिती नव्हती असे म्हणायला जागा उरत नाही. मराठीत बोलणाऱ्या, तेलुगूत कागद करणाऱ्या या मंडलात ही यादी जुळवायला पंचायत कार्यदर्शी (सचिव) आणि पोलीस ठाण्याचा लेखनिक अशी दोन माणसे पुरतात. त्यासाठी निधी लागत नाही.

पंधराव्या आयोगाच्या वाटपाच्या सूत्रातली लोकसंख्या 2011 चीच होती. पुढच्या जनगणनेची शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. ग्राम सडक योजनेत मैदानी भागात 500, अनुसूचित क्षेत्रात 250 अशी वस्तीची अट आहे, आणि 2011 मध्ये 240 वर राहिलेला गुडा अजून 240 चाच धरला जातो. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ 1 एप्रिल 2026 ते मार्च 2031 असा आहे. डिसेंबर 2025 मध्ये निवडून आलेल्या सरपंचांची मुदत त्याच्या जवळजवळ बरोबरीने चालेल, त्यामुळे यंदाचा ग्रामपंचायत विकास आराखडा पाच वर्षांचा पाया ठरतो. महामार्गाची मोजणी मात्र दर 1 जानेवारीला एक वर्ष गाळते. 2022 चे अपघात आता हिशेबाबाहेर गेले आहेत. 2026 अखेरच्या मोजणीत 2024, 2025 आणि 2026 ही तीन वर्षे धरली जातील. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांच्या एफआयआर गुडीहत्नूरच्या ठाण्यात लिहून झालेल्या आहेत. ठिकाणाच्या रकान्यात गावाचे नाव आहे की किलोमीटरचा दगड, हे तिथे जाऊन पाहता येते, आणि तिसरे वर्ष संपायच्या आत चूक दुरुस्त करून घेता येते.